फिलिपिनी पेज आणि आपली करडई

फिलिपीन्समध्येही आपल्यासारखाच जूनच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस लागतो. झड लागली, घरात कोणी तापाने पडले, की तिकडे चुलीवर 'अरोझ काल्दो' चढते. नाव स्पॅनिश, पण पदार्थ आपल्या पेजेचाच भाऊबंद. थोड्या तांदळात घरभर माणसे जेवतात, हा तिचा मोठा गुण.

तेलात कांदा, लसूण व बोटभर आले परतून कोंबडीचे तुकडे घाला. त्यावर वाटीभर जाड तांदूळ परता, सात-आठ वाट्या पाणी ओता आणि मंद आचेवर ढवळत दाणा फुटेपर्यंत शिजवा. आल्यात हात आखडू नका, चव त्याचीच आहे. ते खारवलेल्या मासळीचा रस घालतात; आपण मीठ घालावे. वरून तळलेला लसूण, कांद्याची पात, उकडलेले अंडे आणि लिंबू.

पिवळ्या रंगासाठी ते काय घालतात, ठाऊक आहे? 'कासुभा', म्हणजे करडईच्या वाळलेल्या पाकळ्या! महागड्या केशराऐवजी. आपण बी घाण्याला घालतो आणि पाकळ्या शेतातच वाया जातात. येत्या रब्बीत बिनकाट्याचे वाण पेरले असेल तर फुले कोमेजू लागताच पाकळ्या खुडा, सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवा.