मामा तलावातली टिबुकली

चिमूरहून ताडोबाच्या कोलारा गेटकडे निघालेल्या गाड्यांना घाई असते, कारण साऱ्यांना वाघ पाहायचा असतो. पण वाटेत एखादा गावतलाव लागला तर दहा मिनिटं पाळीवर थांबा. ओंजळीत मावेल असा तपकिरी गोळा पाण्यावर तरंगताना दिसेल. शेजारच्याला बोट दाखवेपर्यंत तो गायब! पाण्यावर फक्त एक वर्तुळ पसरत जातं. तुम्ही त्या वर्तुळाकडे बघत राहता आणि तो गोळा भलतीकडेच, कमळाच्या पानांमागून वर येतो. ही टिबुकली. कुणी तिला पाणडुबी म्हणतं. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘टॅकिबॅप्टस’चा अर्थही तोच, झटपट बुडी मारणारी.

पाय मागे, शेपूट नाहीच

टिबुकलीचे पाय पार मागच्या टोकाला असतात, बोटीच्या पंख्यासारखे. बोटांना बदकासारखा सलग पडदा नसतो. प्रत्येक बोटाला पानासारखी वेगळी झालर असते. पाण्याखाली ही वल्ही जोरात चालतात, जमिनीवर मात्र बाईसाहेब धड चार पावलं टाकू शकत नाहीत. उडायचं झालं तर आधी पाण्यावरून फडफडत धावायचं, मग कुठे हवेत! शेपूट म्हणावं असं काही नाही, मागे नुसता पिसांचा झुबका.

बुडी न मारताही ती खाली जाऊ शकते. अंगातली आणि पिसांतली हवा दाबून बाहेर काढते आणि हळूहळू खाली बसत जाते. शेवटी पाण्यावर उरतं ते फक्त डोकं.

नातं कुणाशी, तर रोहित पक्ष्याशी

कॅनडा-अमेरिकेच्या तळ्यांवर लून नावाचा पक्षी असतो. पाय तसेच मागे, बुडी तशीच पट्टीची. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७पासून त्याचं चित्र आहे आणि लोक त्या नाण्याला लाडानं ‘लूनी’ म्हणतात. लून आणि टिबुकली शेजारी ठेवले तर कुणालाही चुलतभावंडं वाटतील. पण डीएनए तपासल्यावर कळलं की टिबुकलीच्या कुळाचा सर्वांत जवळचा नातलग फ्लेमिंगो, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्यात काड्यांसारख्या लांब पायांवर उभा असणारा रोहित! एकाला बुडी मारायची, दुसऱ्याला चिखल गाळायचा. धंदे निराळे झाले तशी शरीरंही निराळी झाली.

खाणं असंही

मासोळ्या, बेडकांची पिल्लं, चतुराच्या अळ्या, पाणकिडे हा रोजचा मेनू. पण या कुळातली मोठी भावंडं स्वतःचीच पिसं गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात. पोटात पिसांची गादी तयार होते, म्हणजे माशाचे काटे टोचत नाहीत. पिल्लाच्या पोटात पहिल्या काही घासांबरोबर आईबापांची पिसं जातात, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

झाकलं आणि सटकली

पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधल्या एका बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, मी टिबुकलीचं घरटं डोळ्यांनी पाहिलं. वरून नुसता कुजक्या गवताचा ढीग दिसत होता, तेच घरटं. ते पाण्यावर तरंगतं आणि चार काड्यांना अडकवलेलं असतं, म्हणून पाणी चढलं-उतरलं की तेही चढतं-उतरतं. टिबुकली वर बसली होती. इतक्यात एक म्हैस पाण्यात उतरली. टिबुकलीनं चोचीनं भराभर ओलं शेवाळ ओढलं, तीन-चार झटक्यांत अंडी झाकली आणि पाण्यात सटकली. म्हैस शेजारून निघून गेली. त्या ढिगात अंडी आहेत हे कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. ही अंडी मुळात पांढरी असतात, पण त्या कुजक्या पाल्याच्या सहवासात हळूहळू तपकिरी होतात.

आता मामांची गोष्ट

मामा तलाव म्हणजे ‘माजी मालगुजारी’ तलाव. गोंड राजांच्या काळापासून पूर्व विदर्भात गावोगाव पाळी बांधून पाणी अडवलं गेलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडे नागपुरात मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. १९५१मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावात ‘माजी’ लागलं. लोकांनी त्याचं ‘मामा’ करून पुन्हा घरचं नातं जोडलं.

टिबुकलीचा संसार उभा राहतो तो उथळ काठाच्या पाणवनस्पतींवर. तिथेच बेशरम नावाचं झुडूप पसरतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्याच्या दाटीत इतर वनस्पती टिकत नाहीत, पाठोपाठ गाळ साचतो. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायांनी कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटलं आणि तळात देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परतले, माशांमागून पक्षी आले. हे काम मला फार मोठं वाटतं.

उलट सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सिमेंटची भिंत घातली की घरटं अडकवायला काडीच उरत नाही. दुसरा धोका तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, जाळ्यांचा. फाटलेलं जाळं पाण्यात टाकून दिलं की बुडी मारणारा पक्षी त्यात अडकतो आणि गुदमरतो. तिकडे लूनचे जीव गळाला लावलेल्या शिशाच्या गोळीनं जातात. अन्न दळायला तो तळातले खडे गिळतो, त्यात गोळी आली की विषबाधा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९७५पासून लूनसाठी एक समितीच काम करते आहे. ती तळ्यावर तरंगते तराफे सोडते आणि लून त्यावर घरटी करतात.

कधी बघाल?

५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालीम अलींचा. मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. धान कापणीची लगबग असते, पण सकाळी अर्धा तास काढा. दुर्बीण नसली तरी चालेल, फक्त पाण्यात खडा मारू नका. पोहणाऱ्या टिबुकलीची पाठ जरा जास्तच फुगलेली वाटली तर नीट पाहा. त्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांचं एक इवलं डोकं बाहेर येईल, मग दुसरं.