खंजिरीवरचा कवि

जुन्या चांदा जिल्ह्याच्या आग्नेय टोकास भामरागडचें अरण्य आहे व त्यांत हेमलकसा हें गांव. तेथील माडिया स्त्रीपुरुष हातांत हात गुंफून रेला गातात. पुढची रांग एक चरण म्हणते, मागची रांग तोच उचलून धरते. तें गाणें मुळांत कोणी रचलें हें विचारण्याची तेथें रीत नाहीं. तें सर्वांचेंच असतें. याच जुन्या जिल्ह्याच्या वायव्येस चिमूर आहे. (गडचिरोली निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला, म्हणून हीं दोन टोकें आतां दोन जिल्ह्यांत पडतात.) चिमुराकडच्या भजनांतही पुढचा एक म्हणतो आणि समुदाय उचलतो. मात्र तेथें गाण्याला कर्ता आहे, त्याचें नांव शेवटच्या कडव्यांत गोवलेलें आहे, आणि परकीय सरकारनें १९४२ सालीं त्या कर्त्याला तुरुंगांतही घातलें होतें. तो कर्ता म्हणजे तुकडोजी महाराज.

तुकडोजींचें चरित्र बहुधा संतचरित्र म्हणूनच सांगितलें जातें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्यामुळें एक गोष्ट झाकली जाते. हा पुरुष आयुष्यभर गाणीं रचीत होता, आणि स्वतः वाद्य वाजवून तीं मोठमोठ्या समुदायापुढें म्हणत होता. त्यांची खरी कामगिरी समजून घ्यावयाची तर या कारागिरीकडे पाहिलें पाहिजे.

जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यांतील यावली या खेड्यांतला. घरचें नांव माणिक. ‘तुकड्या’ हें नांव वरखेडच्या आडकोजी महाराजांनीं दिलें, आणि पुढें पदाच्या शेवटीं ‘तुकड्यादास’ हीच मुद्रा कायम झाली. शाळेचें शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे गेलें नाहीं. तारुण्याचा आरंभ रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा येथील रानांत साधना करण्यांत गेला. यांपैकीं गोंदोड्याची टेकडी चिमुराच्याच बाजूस आहे. म्हणजे ताडोब्याच्या आसपासचा हा वनप्रदेश त्यांना नकाशावरून माहीत झालेला नव्हता, पायांखालून गेलेला होता.

त्यांचें वाद्य खंजिरी. लांकडाचें एक लहान कडें, एका तोंडावर कातडें ताणून मढविलेलें, आणि कड्यांतल्या फटींत पितळी चकत्या. एका हातानें तें धरावें, दुसऱ्या हाताच्या बोटांनीं कातड्यावर ठोका द्यावा. ठोक्यासरशीं चकत्याही वाजतात. म्हणजे मृदंगाचें काम आणि झांजेचें काम एकच माणूस करतो. दिंडीला वीणेकरी लागतो, मृदंगी लागतो, टाळकऱ्यांचा मेळ लागतो. खंजिरीवाल्याला कांहींच लागत नाहीं. तो वाद्य काखेस मारून पायवाटेनें निघतो आणि सांजवेळीं ज्या खेड्यांत पोंचेल तेथें बसून आरंभ करतो. शिवाय या वाद्याचा नाद आटोपशीर असल्यानें शब्द बुडत नाहींत. ज्याला लोकांना कांहीं सांगावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें हा गुण फार मोठा.

आतां रचनेकडे वळावें. ‘या झोपडीत माझ्या’ हें त्यांचें बहुश्रुत पद घ्या. राजवाड्यांतील सुखांच्या शेजारीं आपली झोपडी मांडून दाखविणें, एवढाच त्याचा विषय. पण माप पहावें : दोन गुरु, लघु, गुरु, लघु, आणि पुन्हां दोन गुरु. मराठी छंदःशास्त्रांत याला आनंदकंद म्हणतात. इक्बालांचा १९०४ सालचा ‘सारे जहाँ से अच्छा’ हा तराणा याच मापाचा आहे. ज्यांनीं प्रभातफेरींत तो म्हटला असेल त्यांच्या जिभेला हें पद परकें वाटणें शक्यच नव्हतें. घरीं जाऊन त्याच चालीवर म्हणून पहावें, तंतोतंत बसतें. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्याला पद एका बैठकींत पाठ होतें, याचें कारण भक्ति जितकें, तितकेंच हें माप.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानें कबूल केली पाहिजे. छापील पानावर वाचतां यांतील कित्येक पदें सपक लागतात. उपदेश उघडा असतो, प्रतिमा नेहमींच्या असतात, यमकासाठीं शब्द ओढलेला दिसतो. तुकोबांच्या अभंगाशेजारीं तीं ठेवण्याचा मोह भक्तांनीं आवरावा हें बरें. पण तीं पानासाठीं केलेलींच नव्हतीं. ध्रुपद समुदायानें उचललें कीं मधल्या विश्रांतींत पुढचा चरण येतो, आणि जो शब्द वाचतांना साधा भासला तोच तेथें नेमका कामास येतो.

मराठीबरोबर हिंदींतही त्यांनीं विपुल रचना केली. त्या काळचा मध्यप्रांत व वऱ्हाड द्विभाषी होता. नागपूरच्या पलीकडे महाकोशल आणि छत्तीसगड याच सरकाराखालीं येत. गायकानें एकच भाषा धरली असती तर अर्धा प्रांत बाहेर राहिला असता.

१९३५ सालीं अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथें त्यांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९३६ सालीं गांधीजींनीं त्यांना वर्ध्याजवळच्या शेगांवीं बोलावून घेतलें व सुमारें महिनाभर ठेवून घेतलें. (गजानन महाराजांचें शेगांव तें हें नव्हे, हेंच पुढें सेवाग्राम झालें.) त्यानंतरच्या भजनांत देवाबरोबर देश येऊं लागला. त्यांतील एका हिंदी पदांत झाडांचीं शस्त्रें होतील, दगडांचे बाँब होतील आणि भक्तांचीच सेना उभी राहील, अशी कल्पना होती.

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरांत ती कल्पना अक्षरशः खरी झाली. मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला, त्यांत बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. खवळलेल्या जमावानें सरकारी इमारतींस आगी लावल्या, आणि दंडाधिकारी डुंगाजी यांच्यासह सरकारी अंमलदारांचे प्राण घेतले. मग गोरी फौज आली. गांवांतील पुरुष धरून नेले गेले, आणि मागें राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनीं त्रेसष्ट दिवसांचें उपोषण केलें. २८ ऑगस्टला तुकडोजींना चंद्रपूर येथें अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवून डिसेंबरांत त्यांना सोडण्यांत आलें.

गाण्यानें माणसें मारलीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. गोळी आधीं पोलिसांची होती. परंतु गाण्याचा या प्रकाराशीं संबंधच नव्हता, असें म्हणून गायकाची बाजू सांवरणें हेंही खरें नाहीं. ज्या कवीचें ध्रुपद सारें गांव उचलतें त्याला आपला शब्द कोणत्या हातीं पडेल याचा हिशेब सांगतां येत नाहीं. सरकारला हें लोकप्रिय टीकाकारांपेक्षां आधीं कळलें होतें, आणि म्हणूनच खंजिरीवाल्याला पकडण्यास बारा दिवसही पुरले.

तुरुंगानंतरच्या त्यांच्या कार्याचा रोख पाहिला तर शस्त्रांची भाषा मागें पडून खराटा पुढें आलेला दिसतो. ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ति, अस्पृश्यतानिवारण, आणि सर्व धर्मांच्या लोकांनीं एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना, हे विषय त्यांनीं खंजिरीवर घेतले. ‘ग्रामगीता’ हा एक्केचाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ याच विचारांतून निर्माण झाला; तो त्यांनीं ग्रामदेवतेस अर्पण केला आहे. १९५५ सालीं जपानांत भरलेल्या विश्वधर्म परिषदेस ते गेले, तेव्हां खंजिरीही बरोबर होती. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं ‘राष्ट्रसंत’ म्हटलें तें याच वाद्यावरचीं भजनें ऐकून.

प्राथमिक शाळेपुढें न गेलेल्या या कवीचें नांव २००५ सालीं नागपूर विद्यापीठास देण्यांत आलें. मौज अशी कीं २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या विद्यापीठांतून निघून गोंडवाना विद्यापीठांत गेले, त्यामुळें चिमूरच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आतां त्यांचें नांव येत नाहीं. भजनी मंडळांचें मात्र त्यावांचून कांहीं अडलेलें नाहीं.

११ ऑक्टोबर १९६८ रोजीं गुरुकुंजांत तुकडोजींनीं देह ठेवला. दरवर्षीं पुण्यतिथीस मोझरीला लोकांचा समुद्र लोटतो. भजनें चालू असतात, खंजिऱ्या वाजत असतात. दुपारचे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटें झालीं कीं सारें थांबतें आणि तो अफाट समुदाय मौन धरून उभा राहतो.