गावाच्या पाण्याचा जमाखर्च



मृग नक्षत्र दर वर्षी ठरल्या वेळी लागते. सूर्याचे गणित चुकत नाही. पाऊस मात्र त्या गणिताला पूर्वीइतका बांधलेला राहिलेला नाही, हा अनुभव तुम्हां सर्वांचाच आहे. कधी मृगात दोन सरी येतात, पेरणीची घाई होते आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. कधी महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आणि शेतातली माती घेऊन ओढ्याने निघून जातो. असे का होते, आणि अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव यांसारख्या कमी पावसाच्या मुलखात शेतीने त्याला कसे तोंड द्यावे, याचा आज थोडा विचार करू.

कारण समजायला फारसे अवघड नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळून माणसाने हवेत जो कर्बवायू सोडला, त्याने पृथ्वीची हवा तापते आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे काय होते? तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक ओढते, आणि साठवलेले बाष्प सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून उघडीपही लांबते आणि झोडपणारा पाऊसही वाढतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. तेव्हा वर्षाची सरासरी तेवढीच भरली, तरी तो पाऊस पिकाच्या उपयोगी पडेलच असे नाही.

त्यात आपली जमीन कशी आहे ती बघा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकात पाणी राहते ते फटींमध्ये आणि मुरमाच्या थरात. नदीकाठच्या वाळूच्या प्रदेशात असते तसे पाण्याचे मोठे कोठार आपल्या पायाखाली नाही. वरचा मुरूम रिकामा झाला, की बोअर तीनशे फूट न्या नाहीतर सहाशे फूट न्या, नवे पाणी काही तयार होत नाही. पुष्कळदा होते ते इतकेच, की शेजारच्या विहिरीचे पाणी आपल्या बोअरला येते. ज्याच्या हाती पैसा तो खोल जातो आणि ज्याच्या हाती नाही त्याची जुनी विहीर आटते. भावकीतले आणि बांधावरचे कितीतरी तंटे इथूनच सुरू होतात.

आता थोडा हिशोब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १०,००० लिटर होते. हा आकडा तेवढा पाठ करून ठेवा. समजा, एका गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला. तर गावावर ५०० कोटी लिटर पाणी पडले. यातले बरेचसे मातीत मुरून पिके-गवत पितात आणि पुन्हा हवेत जाते, काही ओढ्याने वाहून जाते. समजा दहावा हिस्सा, म्हणजे ५० कोटी लिटर, भूगर्भात मुरला.

गावात १,५०० माणसे आहेत. दर माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतात. लहानमोठी १,००० जनावरे असतील, तर त्यांना आणखी २ कोटी धरा. उरले ४५ कोटी. ऊस एका हेक्टरला वर्षभरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी मागतो. पावसाचे ५०० वजा केले तरी १,५०० मिलिमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर, विहिरीतून द्यावे लागतात. म्हणजे गावाचे सारे शिल्लक पाणी ३० हेक्टर उसात संपले. तेच पाणी ज्वारी, हरभरा, तूर यांना ऐन गरजेच्या वेळी पन्नास मिलिमीटरची एक पाळी म्हणून दिले, तर ते ९०० हेक्टरांना पुरते. प्रत्यक्षात सगळे पाणी उपसता येत नाही, वाटेत काही वायाही जाते. पण ३० आणि ९०० यांतला फरक त्याने मिटत नाही. एकदा दाणा भरताना मिळालेली ती एक पाळी पीक हाती येणार की कडबाच राहणार, हे ठरवते.

“मग उसवाला दोषी का?” असे कोणी विचारील. तसे म्हणणे बरोबर होणार नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. तुरीला आणि ज्वारीला तशी हमी बाजारात नेहमी मिळत नाही. शेतकरी पाणी बघतो तसा पैसाही बघतो, आणि त्याने तो बघायलाच हवा. म्हणून कमी पाण्याच्या पिकांना खात्रीची खरेदी मिळणे, हाही पाण्याचाच प्रश्न आहे. ज्यांचा ऊस आज उभा आहे त्यांनी निदान ठिबक वापरावे, पण त्यात वाचलेल्या पाण्यावर ऊस वाढवू नये. नाहीतर गावाच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

असा हिशोब करून वागलेली गावे आपल्याकडे आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे वाटावे, भूमिहीनालाही हक्क असावा, आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे त्याचे नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तिथे डोंगरउतारावर चर खणले, चराई आणि झाडतोड थांबवली, शेतीसाठी बोअर बंद केले. दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. नुसते बंधारे बांधून हे झाले नाही. अडवलेल्या पाण्याचा खर्चही गावाने ठरवला. खर्चाला लगाम नसेल तर बंधारा कितीही मोठा असो, मे महिन्यात टँकर येतोच. २०१६च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरू नये.

आता ज्याच्या विहिरीला पाणीच नाही, त्याने काय करावे? त्याचे तळे म्हणजे त्याची माती. नांगरट, पेरणी, कोळपणी उताराला आडवी करावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये; दुबार पेरणीचे बियाणे सावकाराच्या दारात नेते. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ घ्यावी. बाजरी लवकर निघते, तुरीचे मूळ खोल जाते. पावसाने एकीला दगा दिला तरी दुसरी काही देऊन जाते. रब्बी ज्वारीत वेळेवर कोळपे फिरवावे, म्हणजे काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. सोयाबीन रुंद वाफ्यावर पेरावे. जास्त पावसाचे पाणी सरीतून निघते, आणि उघडीप पडली की तीच सरी ओल धरते.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. हा जमाखर्च मांडायला इंजिनिअर लागत नाही. शाळेच्या मोकळ्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा. तो मिळेपर्यंत सरळ भिंतीचे, सपाट बुडाचे भांडे आणि मोजपट्टी चालेल. रोज सकाळी ठरल्या वेळी मुलांनी पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडून ऑक्टोबरात आणि मे महिन्यात दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी. मिलिमीटर, हेक्टर आणि लिटर यांचे गणित मुलांना याहून चांगले दुसरीकडे शिकवता येणार नाही. आणि दसऱ्याच्या सुमारास ते आकडे ग्रामसभेपुढे मुलांनाच वाचायला लावा.

आकडे समोर आले म्हणजे तंटे लगेच मिटतील असे मी म्हणत नाही. पण माझ्या विहिरीत किती, असे विचारणारा माणूस आपल्या गावाजवळ किती, असे विचारू लागेल. येत्या पावसाळ्याआधी तेवढी तयारी करून ठेवा.