पावत्या वाचणारी संगणक प्रणाली : शेतकरी उत्पादक कंपनीने निवड कशी करावी?

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली, तेव्हा अशा कंपन्यांची संख्या झपाट्याने वाढली. आपल्यापैकी काही जण त्यांचे सभासद असतील, काही संचालकही असतील. माल गोळा करणे, चाळणी मारणे, ओलावा तपासणे ही कामे अंगवळणी पडलेली आहेत. गाडे अडते ते कागदापाशी. सोयाबीन खरेदीच्या हंगामात एका शेतकऱ्यामागे सातबारा, आधारची प्रत, बँक पासबुकाचे पहिले पान, वजनकाट्याची पावती आणि शेवटी हिशेबपट्टी असे पाचएक कागद जमा होतात. पाचशे जणांनी माल घातला की अडीच हजार कागद झाले. ते एक-दोन कारकून हाताने संगणकात भरत बसतात आणि पैसे मिळायला उशीर झाला की बोलणी संचालकांना खावी लागतात.

यावर उपाय म्हणून कागदाच्या फोटोवरून नाव, वजन, दर, खाते क्रमांक आपोआप वाचून नोंद करणारी सॉफ्टवेअर बाजारात आली आहेत. काम खरोखरच हलके होऊ शकते. मात्र बियाणे घेताना आपण जशी उगवण तपासून घेतो, तशी या प्रणालीचीही तपासणी करूनच खरेदी करावी. वाचनात एक आकडा चुकला तर कंपनीचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ज्याच्या मालाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले त्याचे.

आधी कागद कमी करावेत

विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी आपल्याकडील कोणता कागद वाचून घेण्याची खरोखर गरज आहे, हे पाहावे. संगणकीय वजनकाट्यावरचे वजन काट्याच्या संगणकात आधीच नोंदलेले असते. तेथून ते छापून घ्यायचे, त्याचा फोटो काढायचा आणि तो पुन्हा दुसऱ्या संगणकाला वाचायला लावायचा, हा द्राविडी प्राणायाम झाला. काटेवाल्याकडून रोजची यादी एक्सेल फाईलमध्ये मिळते का, ते आधी विचारावे.

सातबाराचेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळतो. चार घड्या पडलेल्या झेरॉक्सऐवजी ती मूळ फाईलच घ्यावी. वाचनाच्या निम्म्या चुका तेथेच टळतील असे आमचे मत आहे. खते-औषधांच्या मोठ्या पुरवठादारांकडून येणारी बिलेही पाहावीत. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून व्यापारी व्यवहारासाठी ई-इन्व्हॉईस द्यावे लागते. त्यावरील चौकोनी क्यूआर कोडमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख व एकूण रक्कम साठवलेली असते. कोड वाचला की अक्षरे ओळखण्याचा प्रश्न उरत नाही.

एवढे करून जे उरतील, म्हणजे जुन्या काट्याच्या पावत्या, हाताने लिहिलेल्या हिशेबपट्ट्या, पासबुकाची पाने, त्यांच्यासाठीच प्रणाली घ्यावी.

प्रणाली कशी वाचते?

काम तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात फोटोतील अक्षरे ओळखली जातात. याला ओसीआर म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात कोणता आकडा वजनाचा, कोणता दराचा, कोणता गाडी क्रमांकाचा हे ठरविले जाते. तिसऱ्या टप्प्यात आलेली माहिती तपासून हिशेबाच्या वहीत घातली जाते. विक्रेते बहुधा पहिल्या टप्प्याचे कौतुक सांगतात. आपला कस लागतो तो तिसऱ्यात.

पहिल्या टप्प्यातही मराठी कागदाच्या काही खास अडचणी आहेत. शिरोरेघेमुळे अक्षरे एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे ती सुटी करणे कठीण जाते. त्याहून मोठी अडचण आकड्यांची. आपल्या पावतीवर बरेचदा छापील आकडे इंग्रजी आणि हाताने लिहिलेले मराठी असतात. मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा, तर मराठी पाच घाईत लिहिला तर इंग्रजी चारसारखा. प्रणालीला मराठी अक्षरे वाचता येतात, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. एकाच कागदावर दोन्ही लिपींतले आकडे मिसळलेले असताना ती काय करते, ते डोळ्यांनी पाहावे.

सातबारावरील क्षेत्र हाही असाच फसवा भाग आहे. ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबे पाहून गोंधळलेली प्रणाली एक टिंब गाळून टाकते किंवा त्याची तारीख समजते. लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे १,२५,००० असे वाचले जातात का, तारखेत दिवस आधी व महिना नंतर धरला जातो का, हेही तपासावे.

आकड्यांचा मेळ प्रणालीनेच घालावा

काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा यायलाच हवा. हिशेबपट्टीवर निव्वळ वजन गुणिले दर म्हणजे एकूण रक्कम, आणि त्यातून हमाली, तोलाई व इतर कपात वजा जाता देय रक्कम. चांगली प्रणाली हा मेळ स्वतः घालते आणि जुळले नाही तर पावती बाजूला काढते.

उदाहरणार्थ, २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. १४.३५ क्विंटलचे ७०,२०० रुपये होतात. पुसट छपाईमुळे तिनाचा आठ झाला आणि वजन १४.८५ वाचले गेले, तर रक्कम ७२,६४६ रुपये होते; फरक २,४४६ रुपयांचा. मेळ घातला असता तर तो जागीच सापडला असता.

काही क्रमांकांत तपासणीची सोय अंगचीच असते. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. जीएसटीच्या पंधरा अक्षरांतील शेवटचेही तसेच. बँकेच्या आयएफएससी क्रमांकात अकरा अक्षरे असतात व पाचवे नेहमी शून्य असते. या तपासण्या प्रणालीत आहेत का, असे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. उत्तर गोलमोल आले तर समजून घ्यावे.

बँक खाते क्रमांकाचे मात्र तसे नाही. त्याची लांबी बँकेनुसार बदलते आणि चुकलेला क्रमांक दुसऱ्याच कुणाचा खरा क्रमांक असू शकतो. नेफ्टने पैसे पाठविताना रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते, नावावर विसंबून राहता येत नाही. आरटीजीएस व नेफ्टसाठी खातेदाराचे नाव आधी दाखविणारी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. आपल्या शाखेत ती कशी वापरायची हे विचारून घ्यावे. खाते क्रमांक प्रणालीने वाचला तरी पहिल्या वेळी माणसाने पासबुकाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. या बाबतीत सवलत देऊ नये.

नव्व्याण्णव टक्के अचूक म्हणजे किती?

जाहिरातीत ९९ टक्के अचूकता लिहिलेली असते. ती बहुधा अक्षरांची असते, पावतीची नव्हे. एका पावतीवर आपल्या उपयोगाची ६० अक्षरे व आकडे असतील आणि प्रत्येक वाचताना शंभरात एक चूक होत असेल, तर ढोबळमानाने १०० पावत्यांपैकी ४५ पावत्यांत एक तरी चूक राहते. म्हणून टक्केवारीवर न जाता आपल्याच पावत्यांवर चाचणी घ्यावी.

चाचणीसाठी गेल्या हंगामाच्या २०० पावत्या काढाव्यात. निवडून स्वच्छ घेऊ नयेत. चहाचे डाग, खिशातल्या घड्या, शिक्क्याखाली दडलेले आकडे, शाई उडालेली छपाई असे सर्व प्रकार असू द्यावेत. त्यांचे बरोबर आकडे आपल्या वहीत आहेतच. निकालाचे तीन ढीग करावेत : प्रणालीने बरोबर वाचलेल्या, शंका आहे म्हणून माणसाकडे परत पाठविलेल्या आणि बिनदिक्कत चुकीच्या वाचलेल्या.

समजा, एका प्रणालीने १८० बरोबर वाचल्या, ८ परत पाठविल्या आणि १२ चुकविल्या. दुसरीने १५० बरोबर वाचल्या, ४७ परत पाठविल्या आणि ३ चुकविल्या. विक्रेता पहिलीच चांगली म्हणेल. आमची शिफारस दुसरीची आहे. परत आलेल्या ४७ पावत्या कारकून तासा-दोन तासांत पाहून संपवील. पहिलीच्या १२ चुका कोणत्या ढिगात आहेत ते शोधण्यासाठी मात्र सगळा गठ्ठा पुन्हा तपासावा लागेल.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांवर चालणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. पावतीचा नमुना बदलला तरी त्या अडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. परंतु न दिसणाऱ्या जागी शोभेल असा आकडा अंदाजाने भरण्याची खोड त्यांना असते. चाचणीत चार-पाच पावत्यांवरचे वजन मुद्दाम कागद चिकटवून झाकावे. प्रणालीने जागा कोरी सोडली तर ठीक. वजन भरून दाखविले तर ती घेऊ नये.

करार व खर्च

आपले काम हंगामी आहे. दोन-तीन महिने कागदांचा पूर आणि नंतर शुकशुकाट. वर्षभर सारखे भाडे घेण्यापेक्षा पानामागे आकारणीचा करार परवडतो. मात्र त्यात दरमहा किमान रक्कम लपलेली नाही ना, ते वाचावे. प्रणाली इंटरनेटवर चालते की आपल्याच संगणकावर, हे आपल्या गावच्या वीज व नेटवर्कप्रमाणे ठरवावे. नेट गेल्यावर फोटो साठवून ठेवणारी व नंतर पाठविणारी प्रणाली बहुतेकांना पुरेशी ठरेल. टेसरॅक्टसारखा खुला ओसीआर विनामूल्य मिळतो आणि तो मराठी छापील मजकूर वाचतो. घरात जाणता मुलगा-मुलगी असेल तर छापील पावत्यांपुरता तो वापरून पाहण्यास हरकत नाही. हस्ताक्षरासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आपली माहिती युनिकोड मराठीत व एक्सेलमध्ये कधीही बाहेर काढता येईल, असे करारात लिहून घ्यावे. अन्यथा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या याद्यांसारखी गत होते. सभासदांचे आधार व खाते क्रमांक हे परक्या संगणकावर जाणार असल्याने ते कोठे साठवतात, करार संपल्यावर पुसतात का, हे विचारणे संचालकांचे कर्तव्यच आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यासाठी आहे. जेथे चालेल तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे आधार घ्यावे.

पावती वाचून झाली म्हणून फोटो टाकून देऊ नये. कंपनीला हिशेबाची पुस्तके व त्यांना आधार असलेली व्हाउचर आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि नोंदीवर टिचकी मारताच मूळ पावती समोर आली तर लेखापरीक्षकाचे व आपलेही काम सोपे होते. थर्मल कागदावरची पावती उन्हात, गाडीच्या काचेखाली पडून राहिली की कोरी होते, तेव्हा फोटो काट्यावरच, त्याच वेळी घ्यावा.

सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास वाढते. चाचणी श्रावणातच उरकावी, म्हणजे पसंत न पडल्यास दुसरा विक्रेता पाहण्यास सवड राहील. पहिल्या हंगामात एका केंद्रावरच प्रणाली लावावी आणि त्या केंद्रावर जुनी वहीही चालू ठेवावी.