गाव रुसला, पण न्याय ढळला नाही



बांधाचा वाद चावडीवर आला की पंचाची खरी कसोटी लागते. एक बाजू भावकीतली असली तर खरे बोलणे जड जाते, कारण निकालानंतर त्याच गावात राहायचे असते. असाच पेच आयुष्यभर सोसलेल्या एका अमेरिकन न्यायाधीशाची ही हकिगत घरात सर्वांनी वाचावी.

फ्रँक जॉन्सन यांचा जन्म १९१८ साली अलाबामा राज्यातील विन्स्टन परगण्यात झाला. हा मुलूख डोंगराळ. कापसाचे मोठे मळे येथे नव्हते, गुलामही थोडेच. बहुतेक लोक लहान शेतकरी. १८६१ साली अलाबामा देशातून फुटून निघाले, तेव्हा या लोकांनी त्याला विरोध केला. एकटे पडलो तरी पटेल तेच करायचे, हे बाळकडू जॉन्सन यांना तिथेच मिळाले.

१९५५ साली ते मॉंटगोमेरी येथे संघीय जिल्हा न्यायाधीश झाले. त्याच डिसेंबरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूला दिली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. पुढे बसमधील वर्णभेदाचा खटला तीन न्यायाधीशांपुढे आला. १९५६ साली जॉन्सन आणि रिव्ह्ज या दोघांनी हा भेद घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते मॉंटगोमेरी मोर्चालाही जॉन्सन यांनीच परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढी निषेधाची मुभा मोठी, असे त्यांचे म्हणणे होते.

याची किंमत घरच्यांनीही मोजली. ओळखीच्यांनी बोलणे टाकले. अंगणात क्रूस पेटवला गेला. १९६७ साली त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. सुदैवाने माउली वाचली. जॉन्सन मात्र मॉंटगोमेरी सोडून गेले नाहीत.

१९७९ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना संघीय अपील न्यायालयावर नेमले. तिथे साक्षीदार पुन्हा तपासत नाहीत. बहुधा तीन न्यायाधीश खालच्या कोर्टाचे कागद वाचून कायद्याची चूक शोधतात. १९९९ साली जॉन्सन वारले. आज मॉंटगोमेरीच्या न्यायालयाच्या इमारतीला त्यांचेच नाव आहे.

उद्या तुम्हाला कोणी पंच म्हणून बोलावले, तर माणूस कोणाचा हे बघू नका. मोजणीचा नकाशा आणि सातबारा आधी बघा. भावकी चार दिवस रुसेल. पण खोटा निकाल पोराबाळांच्या पिढीपर्यंत बांधावर उगवत राहतो.