आत गेला तरी हक्क जात नाही

"पोरगा आत गेला, आता कसला हक्क?" जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत आम्ही हे नेहमी ऐकतो. ही समजूत चुकीची आहे.

प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. सरकारने हस्तलिखित बाहेर जाऊ दिले नाही. चीन युद्धापासून आणीबाणी चालू होती; कलम १४, २१, २२ साठी स्थानबद्धांना कोर्टाची वाट बंद होती. सरकारने तीच ढाल पुढे केली. तरी ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींची बाजू उचलून धरली : नियमांत नसलेली बंदी लादता येत नाही.

१९७६ मध्ये मात्र याच न्यायालयाने स्थानबद्धांना दार लावले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) ठरले की, कलम २० व २१ साठीचे दार आणीबाणीतही लावता येणार नाही.

दाद मागण्याच्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते. पण दारापर्यंत जायला वकील हवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही. म्हणून मायबहिणींनो, मंगळसूत्र मोडण्याआधी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कचेरीत अर्ज द्या.