'द्रव कार्बन' : नाव एक, वस्तू दुसरी

फिश टँकमध्ये मासे ठेवण्याबरोबरच पाणवनस्पती लावून त्याची बाग करण्याचा छंद अलीकडे वाढला आहे. त्यासाठी 'लिक्विड कार्बन' नावाची बाटली बाजारात मिळते. ती महाग पडते म्हणून तेच द्रावण घरी किंवा प्रयोगशाळेत करून घ्यावे, असा सल्ला विद्यार्थ्यांपर्यंत येऊन पोहोचतो. आपल्या महाविद्यालयांत जीवशास्त्राच्या टेबलावर एखादी टाकी असतेच. म्हणून या द्रावणात नेमके काय असते, ते पाहणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे आणि वस्तूआधी तिच्या नावाकडे पाहण्याची त्याला सवय आहे. येथे ती उपयोगी पडते, कारण घोटाळा नावातच आहे.

वनस्पतीला कार्बन लागतो तो कार्बन डायऑक्साइडमधून. हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यात पसरतो. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात, साधारण २५ अंश तापमानाला, तो लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम असतो. दाट पाणबाग करणारे लोक सिलिंडर लावून हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. सिलिंडर परवडत नाही तेथे बाटली येते.

बाटलीत द्रवरूप कार्बन नसतो. त्यात ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचेच रूपांतर असते. सीकेम कंपनीच्या 'फ्लरिश एक्सेल' या प्रसिद्ध उत्पादनात पॉलिसायक्लोग्लुटारॲसिटाल हे रूप वापरतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या रेणूत पाच कार्बन आणि दोन्ही टोकांना ॲल्डिहाइडचे गट असतात. ही दोन टोके प्रथिनांना घट्ट पकडून एकमेकांत गुंतवतात. त्यामुळेच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी 'गोठवून' ठेवण्यास १९६३ पासून ते वापरले जाते, चामडे कमावण्यास वापरले जाते, आणि रुग्णालयात दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणे निर्जंतुक करण्यासही वापरले जाते. सारांश, ही वस्तू मुळात जंतुनाशक होय. तिला खत म्हणावे हे नवल आहे.

वनस्पती हे संयुग कार्बनचा स्रोत म्हणून वापरतात, असा उत्पादकांचा दावा आहे. तो क्षणभर मान्य करून हिशेब मांडू. नेहमीची मात्रा २०० लिटर पाण्याला रोज ५ मिलिलिटर अशी असते. घरगुती द्रावण २ टक्क्यांचे धरले, तर त्यातून १०० मिलिग्रॅम ग्लुटाराल्डिहाइड टाकीत जाते, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. त्याच्या वजनात कार्बन ६० टक्के, म्हणून लिटरला ०.३ मिलिग्रॅम कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात हे १.१ मिलिग्रॅम होते. सगळेच्या सगळे वनस्पतीने घेतले तरी दिवसाकाठी एवढेच. सिलिंडर मात्र प्रकाश असेपर्यंत वीस-तीस मिलिग्रॅमची पातळी टिकवून धरतो. मग टाकी स्वच्छ आणि हिरवी का दिसते? शेवाळ मरते म्हणून. पानांवरचा थर गेला की पानांना प्रकाश मिळतो, आणि श्रेय 'कार्बन' या शब्दाला जाते.

आता घरी तयार करण्याविषयी. दवाखान्यातील द्रावण साधारण २ टक्क्यांचे असते, पण वापरण्यापूर्वी त्यात क्षारधर्मी पूड मिसळतात. अशा मिश्रणाचे गुण दिवसागणिक बदलतात, म्हणूनच ते बहुधा १४ दिवसांत टाकून द्यावे लागते. ते टाकीत ओतण्याजोगे नव्हे. आणि वापरलेले द्रावण तर मुळीच नव्हे. कुक्कुटपालनासाठी मिळणाऱ्या जंतुनाशकांत ग्लुटाराल्डिहाइडबरोबर अनेकदा बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे पदार्थ असतात. ते माशांच्या कल्ल्यांना घातक आहेत. रसायनांच्या दुकानात मिळणारे द्रावण २५ किंवा ५० टक्क्यांचे असते. ५० टक्के द्रावण पातळ न करता ५ मिलिलिटर घातले गेले, तर मात्रा पंचवीसपट होते. टाकीतील मासे, झिंगे आणि अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू यांचे मग काय होईल ते सांगणे नको.

माशांपेक्षा मोठा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. या द्रावणाच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतात, त्वचेला ॲलर्जी होते, आणि रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत त्यामुळे दमा जडल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने हवेतील त्याची कमाल मर्यादा ०.०५ पीपीएम सांगितली आहे, म्हणजे हवेच्या दोन कोटी भागांत एक भाग. पंखा नसलेल्या खोलीत उघड्या बीकरमधून ५० टक्के द्रावण मोजायला अकरावीच्या मुलाला लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या टाक्यांत बहुधा काय असते? हायड्रिला, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया, क्वचित एखादे मॉस. व्हॅलिस्नेरिया आणि मॉस ग्लुटाराल्डिहाइडने विरघळल्यासारखी होतात, हा छंदिष्टांचा सार्वत्रिक अनुभव आहे. हायड्रिला व्हॅलिस्नेरियाच्याच कुळातील. उलट हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून बीकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा आपण टाकतो, तो याचसाठी. संकेश्वर-निपाणी भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते; पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर बायकार्बोनेटचीच साक्ष देतो. ज्या वनस्पतींना बाटलीची गरज नाही, त्यांनाच बाटली मारते.

तरीही घरगुती कार्बन द्यायचाच असेल, तर साखर आणि यीस्टची जुनी युक्ती आहे. हिरण्यकेशीच्या नावाचा सहकारी साखर कारखाना असलेल्या आपल्या गावात साखरेची वाण नाही. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५१ ग्रॅम, म्हणजे जवळपास २८ लिटर वायू मिळतो, प्रत्यक्षात कमी. परंतु उरलेले जवळजवळ निम्मे वजन अल्कोहोलचे असते. हा शब्द अरबी 'अल-कुह्ल', म्हणजे सुरमा, यावरून आला असला तरी आपल्या संस्थांत तेवढ्याने शंका मिटत नाही. त्यापेक्षा किराणा दुकानातील लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा बरा. १०० ग्रॅम लिंबूसत्वाला सुमारे १३० ग्रॅम सोडा लागतो व ६९ ग्रॅम वायू मिळतो. अल्कोहोल तयार होत नाही. बाटली प्लास्टिकची, दाब सहन करणारी घ्यावी, काचेची नको. नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, आणि रात्री वायू बंद ठेवावा, कारण अंधारात वनस्पतीही तोच वायू सोडतात आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

प्रयोगशाळेच्या कपाटात ग्लुटाराल्डिहाइड आधीच येऊन पडले असेल, तर ते मोरीत ओतू नये. ग्लायसीन किंवा सोडियम बायसल्फाइटने ते निष्प्रभ करण्याची पद्धत रुग्णालयांत आहे. ते काम हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी स्वतः करावे.